शेजाऱ्यांसह निवड: चारा गवतांच्या पैदाशीत रोपांमधली स्पर्धा कशी हाताळावी

अर्धा मीटर बाय अर्धा मीटर अंतरावर राई गवताची (रायग्रास, कुरणात पेरलं जाणारं एक चारा गवत) रोपं लावली, तर एका चौरस मीटरमध्ये ४ रोपं बसतात. तेच गवत कुरणासाठी हेक्टरी २५ किलो पेरलं, तर चौरस मीटरमागे अडीच ग्रॅम बी पडतं. हजार दाण्यांचं वजन साधारण २ ग्रॅम धरलं, तर हे झाले १,२५० दाणे. पैदासकार निवड करतो पहिल्या ठिकाणी आणि वाण आयुष्य काढतो दुसऱ्या ठिकाणी. चारा गवतांच्या पैदाशीतली बरीचशी निराशा या दोन आकड्यांमधल्या अंतरातून येते. ते अंतर कमी कसं करायचं, हे या लेखात क्रमाने मांडलं आहे.

आधी हिशेब समजून घ्या

दोन प्रकारची रोपं माना. आकडे समजण्यापुरते आहेत. पहिला प्रकार दांडगा, दुसरा मवाळ, मिळून-मिसळून राहणारा. दांडग्याच्या शेजारी सगळे दांडगेच असतील, तर प्रत्येकाकडून ८० ग्रॅम चारा मिळतो. मवाळांमध्ये मवाळ असेल, तर प्रत्येकाकडून १०० ग्रॅम. आता दोघं एकमेकांशेजारी लावा: दांडगा शेजाऱ्याचा प्रकाश आणि नत्र ओढून १२० ग्रॅमवर जातो, मवाळ ६० वर येतो. मिश्र वाफ्यात एकेक रोप तोलून जो निवड करेल, तो डोळे मिटून दांडग्याला उचलणार. पुढच्या पिढीत सगळं कुरण दांडग्यांचं होईल आणि सरासरी ९० वरून ८० वर घसरेल. निवड काटेकोर, वजनं बिनचूक, तरी उत्पादन खाली.

हे नुसतं कागदावरचं नाही. १९४९ मध्ये कृषिशास्त्रज्ञ सुनेसन यांनी कॅलिफोर्नियातल्या बार्लीच्या एका प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. चार वाणांचं मिश्रण १६ वर्षं पेरत गेल्यावर ‘ॲटलस’ हा एकच वाण सुमारे ८८ टक्क्यांवर पोचला आणि ‘वॉन’ १ टक्क्याच्याही खाली गेला. वेगळं पेरल्यावर मात्र वॉनचं उत्पादन ॲटलसपेक्षा सरस होतं. भातामध्ये जेनिंग्स आणि दे हेसुस यांनी १९६८ मध्ये हेच दाखवलं: मिश्रणात उंच वाण बुटक्यांना दाबून टाकतात, पण एकटे पेरल्यावर बुटकेच जास्त पिकतात. त्याच वर्षी डोनाल्ड यांनी आदर्श पिकाच्या रोपाचं जे चित्र मांडलं, त्यात ‘दुबळा स्पर्धक’ हा गुण मुद्दाम घातला होता.

या सगळ्याला नेमकी भाषा जनुकशास्त्रज्ञ ग्रिफिंग यांनी १९६७ मध्ये दिली. रोपाच्या जनुकांचे दोन परिणाम असतात: एक त्याच्या स्वतःच्या वाढीवर, दुसरा शेजाऱ्याच्या वाढीवर. एकेक रोप तोललं, तर फक्त पहिला दिसतो. हे दोन परिणाम एकमेकांच्या विरुद्ध जात असतील, तर एकेरी निवडीचा फायदा शून्य होऊ शकतो, उणेही होऊ शकतो. सगळा गट एकत्र तोलला, की दोन्ही परिणाम आपोआप वजनात येतात. इथून पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत.

एक गोष्ट मात्र इथेच सांगायला हवी. धान्यपिकांचा धडा गवताला जसाच्या तसा लागू होत नाही. धान्यात उंचीसाठी खर्च झालेली काडी दाण्याच्या हिशेबातून वजा होते. चाऱ्यात काडीही जनावर खातं. शिवाय उगवणीच्या काळात तणांना दाबायला गवताला जोर लागतोच. म्हणून दुबळेपणा हे चारा पैदासकाराचं उद्दिष्ट असू नये. आपल्याला हवं ते असं रोप, जे आपल्यासारख्यांच्या दाटीत उत्पादन टिकवतं आणि सोबत पेरलेल्या क्लोव्हरला (कुरणातलं एक द्विदल चारापीक) जागा ठेवतं.

पायरी १: कुरण कसं वापरलं जाणार, ते लिहून काढा

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. कापणीचं कुरण की चराईचं? किती दिवसांनी आणि किती उंचीवर कापणार? नुसतं गवत की सोबत द्विदल? नत्र किती? ही उत्तरं मिळाल्याशिवाय एकही रोप लावू नका, कारण स्पर्धेत कोण जिंकणार हे त्यावरच ठरतं.

प्रकाशाची स्पर्धा एकतर्फी असते: उंच रोप बुटक्यावर सावली धरतं, बुटकं उंचावर धरू शकत नाही. म्हणून सहा-सात आठवड्यांनी एकदा कापलं, तर लांब पात्यांची, उभट रोपं बाजी मारतात. दर दोन-तीन आठवड्यांनी आखूड कापलं, की उंचीचा फायदा पुन्हा पुन्हा छाटला जातो आणि भरपूर बारीक फुटवे देणारी, जमिनीलगत पानं ठेवणारी रोपं पुढे जातात. मुळांची स्पर्धा इतकी एकतर्फी नसते. तिथे साधारण ज्याची जितकी मुळं, तितका त्याचा वाटा. नत्र कमी असेल तर झगडा मातीत होतो. नत्र भरपूर दिलं, की तो वर प्रकाशात येतो. एका व्यवस्थेत निवडलेलं रोप दुसऱ्या व्यवस्थेत हरतं ते यामुळे.

फुटव्यांचं एक अंग कायम लक्षात ठेवण्यासारखं आहे. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात लाल किरण कमी आणि दूर-लाल किरण जास्त असतात. बुडाशी असा प्रकाश पोचला, की नवे फुटवे येणं मंदावतं. मोकळ्या वाफ्यात शेकडो फुटव्यांचा घेर करणारं रोप दाटीत मोजकेच फुटवे देतं. म्हणजे एकट्या रोपाच्या फुटव्यांची संख्या हा कुरणातल्या घनतेचा पुरावा नव्हे.

पायरी २: मूळ संख्या आणि फुलोऱ्याचे गट

राई गवत, टॉल फेस्क्यू, कॉक्सफूट, टिमोथी ही वाऱ्याने परागीभवन होणारी गवतं आहेत आणि त्यांच्यात बहुतांशी स्वतःचा पराग स्वतःला चालत नाही. त्यामुळे प्रत्येक रोप जनुकीयदृष्ट्या वेगळं असतं. जुनी कुरणं, स्थानिक नमुने आणि चालू वाण यांतून काही शे ते हजारभर रोपं घेऊन सुरुवात करा. गुणसूत्रं तपासून घ्या: द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) राई गवतात १४, चतुर्गुणितात (चार संच) २८. दोघांचं एकत्र परागीभवन होऊ दिलं, तर बी नीट भरत नाही. मग रोपांचे फुलोऱ्याच्या तारखेनुसार गट पाडा. लवकर आणि उशिरा येणारी रोपं एकाच गटात ठेवली, तर ती एकमेकांशी फळत नाहीत. वर स्पर्धेचा हिशेबही बिघडतो, कारण लवकर कणसावर येणारं रोप वसंतातल्या त्या आठवड्यांत उंच असतं आणि शेजाऱ्यांना सावलीत टाकतं.

नेपियरसारखं कांड्यांनी लावलेलं किंवा गिनी गवतासारखं, फलनाशिवायच बी धरणारं गवत असेल, तर वाट वेगळी आहे. तिथे सगळं शेत एकाच जनुकसंचाचं असतं आणि प्रत्येक रोपाचा शेजारी तोच स्वतः असतो. दुसऱ्याला दाबण्याच्या ताकदीचा तिथे काडीचाही उपयोग नाही. अशा गवतात सुट्या रोपांवरून केलेली उत्पादनाची निवड सर्वांत जास्त फसवते. एका-दोन फेऱ्यांत रोगट आणि निकामी रोपं काढून थेट क्लोनच्या (एकाच रोपाचे ठोंब फोडून केलेल्या हुबेहूब रोपांच्या) दाट वाफ्यांकडे, म्हणजे पायरी ४ कडे जा.

पायरी ३: सुट्या रोपांचा वाफा, पण मोजक्या गुणांसाठी

सुटी रोपं लावूच नयेत असं मी म्हणत नाही. तांबेरा, थंडीचा मार, फुलोऱ्याची तारीख, पानाचा मऊपणा, बी धरण्याची ताकद हे गुण एकट्या रोपावर चांगले दिसतात आणि बऱ्यापैकी पुढे उतरतात. उत्पादन मात्र इथे ठरवू नका. सुट्या रोपाचं वजन आणि त्याच जनुकांचं दाट कुरणातलं उत्पादन यांचा संबंध बहुधा कच्चा निघतो.

वाफ्यात अर्ध्या मीटरवरही स्पर्धा असतेच; दुसऱ्या हंगामात ठोंब एकमेकांना भिडतात. ती आटोक्यात ठेवायला चार गोष्टी करा. पहिली, रोपं ट्रेमध्ये वाढवून एकाच फुटवेसंख्येवर लावा. दोन दिवस आधी उगवलेलं किंवा जाड दाण्यातून आलेलं रोप सुरुवातीला थोडं मोठं असतं आणि दाटीत हा फरक चक्रवाढीने वाढतो. आपण त्याला जनुकांचा गुण समजून बसतो. दुसरी, वाफ्याच्या चारही बाजूंना मोजणीत न धरलेल्या रोपांच्या दोन ओळी ठेवा. तिसरी, मेलेल्या रोपांच्या जागी लगेच नांगे भरा, भरलेलं रोप नोंदवून मोजणीतून वगळा. रिकामी जागा राहिली, की तिच्या भोवतालची आठही रोपं फुगतात आणि निवडीत नेमकी तीच येतात. मी सुरुवातीला निवडलेल्या उत्तम रोपांपैकी किती रोपं नांग्याशेजारची होती, हे नकाशावर खुणा केल्यावर कळलं; तेव्हापासून नकाशाशिवाय मी निवडीची यादी बघतही नाही.

चौथी गोष्ट म्हणजे चौकटीतली निवड. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन इथे पैदासकार ग्लेन बर्टन यांनी पेन्साकोला बहिया गवतात ती वर्षानुवर्षं वापरली. सगळ्या वाफ्यातून सर्वोत्तम रोपं न निवडता वाफ्याचे २५-२५ रोपांचे चौकोन करायचे आणि प्रत्येक चौकोनातून ५ घ्यायची. जमिनीचा सुपीक कोपरा सगळ्या जागा बळकावत नाही. याच कामातून ‘टिफ्टन ९’ हा वाण आला. म्हणजे सुट्या रोपांवरून प्रगती होऊच शकत नाही, असं नाही. ती होते तेव्हा मातीचा आणि शेजाराचा गोंधळ असा कापून काढलेला असतो, आणि शेवटचा शब्द दाट पेरणीच्या चाचणीचा असतो.

जागा असेल तर मधला एक उपाय फार गुणाचा आहे. रोपांच्या मधल्या मोकळ्या जमिनीत सहज ओळखू येईल असं दुसरं बुटकं गवत किंवा पांढरं क्लोव्हर पेरा. मग प्रत्येक उमेदवाराला एकसारखा शेजारी मिळतो. मोकळ्या मातीवर पसरणारी आळशी रोपं इथे पहिल्याच वर्षी उघडी पडतात.

पायरी ४: छोटी कुरणं

पायरी ३ मधून उरलेली ५० ते १०० रोपं घ्या. प्रत्येकाचे ठोंब फोडून एकाच रोपाची तुकडी ५-७ सेंटिमीटरवर दाट लावा. अर्धा मीटर बाजूचा चौकोन पुरतो. तीन पुनरावृत्ती ठेवा. इथे रोप स्वतःशीच स्पर्धा करतं आणि सुरुवातीच्या उदाहरणातले ८० आणि १०० पहिल्यांदा दिसतात. मजुरी बरीच लागते, पण माझ्या मते सगळ्या कार्यक्रमात खर्चलेल्या श्रमांचं सर्वांत चांगलं मोल इथे मिळतं. कापणी पायरी १ मध्ये ठरवलेल्या वेळापत्रकानेच करा. सुट्या रोपांच्या यादीतला क्रम आणि इथला क्रम शेजारी शेजारी मांडून बघा. ज्यांचा क्रम खूप बदलला, त्यांच्याकडे पुन्हा जाऊन पात्यांचा कोन, बुडाशी येणारा प्रकाश आणि फुटव्यांची जाडी पाहा. आपल्या गवतात दांडगेपणा कसा दिसतो, हे त्यातून नजरेला कळायला लागतं.

पायरी ५: पॉलिक्रॉस आणि कुटुंबांची दाट चाचणी

आता निवडलेले क्लोन एकमेकांत फळू द्यायचे; यालाच पॉलिक्रॉस म्हणतात. प्रत्येक क्लोनचे दहा-बारा ठोंब करून सगळे यादृच्छिक क्रमाने लावा, म्हणजे प्रत्येकाला इतरांचा पराग सारखा मिळेल. त्याच जातीचं दुसरं गवत जवळपास फुलोऱ्यावर नसावं. बी मातेनुसार वेगळं ठेवा आणि प्रत्येक ठोंबातून समान वजनाचं बी घ्या. एका मातेचं सगळं बी म्हणजे एक अर्धसहोदर कुटुंब: आई एकच, बाप अनेक.

हे बी शेतकरी पेरतो त्याच दराने पेरा. साधारण दीड मीटर रुंद, ५ मीटर लांब वाफे, ३ ते ४ पुनरावृत्ती, सोबत दोन चालू वाण. उगवणक्षमता आधी तपासून दर प्रत्यक्ष उगवणाऱ्या दाण्यांवर ठरवा, नाहीतर दाट उगवलेलं कुटुंब पहिल्या वर्षी उगाच पुढे दिसतं. कापताना कडा सोडून मधला पट्टा घ्या. ओलं वजन शेतात करा, प्रत्येक वाफ्यातला सुमारे अर्धा किलो नमुना ६० ते ७० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि त्यावरून कोरड्या चाऱ्याचं उत्पादन काढा. किमान दोन पूर्ण कापणी-वर्षं, जमल्यास तीन. पहिल्या वर्षाचं उत्पादन स्पर्धेबद्दल फार थोडं सांगतं. दाट पेरणीतली बरीच रोपं पुढच्या हंगामांत मरतात आणि कुटुंबाचा खरा स्वभाव त्यानंतरच दिसतो.

अशा वाफ्यात शेजारी शेजारी नातेवाईक असतात, म्हणून वाफ्याच्या वजनात दोन्ही परिणाम येतात. किंमतही मोजावी लागते. अर्धसहोदर कुटुंबांमधल्या फरकात बेरजेच्या जनुकीय विविधतेचा (एकेका जनुकाच्या परिणामांची बेरीज होऊन पुढच्या पिढीत उतरणाऱ्या फरकाचा) फक्त एक चतुर्थांश भाग असतो. तीन चतुर्थांश कुटुंबांच्या आत राहतो. यावर दोन उपाय आहेत. मातेचा क्लोन जिवंत ठेवा आणि चाचणी संपल्यावर कुटुंबाच्या उरलेल्या बियांऐवजी उत्तम कुटुंबांच्या माताच एकत्र फळवा. एका फेरीतली प्रगती साधारण दुप्पट होते. किंवा उत्तम कुटुंबांमधून सुटी रोपं वाढवून तांबेरा, पाचकता अशा गुणांसाठी आतली निवड करा. उत्पादन कुटुंबावर आणि रोगप्रतिकार रोपावर, अशी कामाची वाटणी मला सर्वांत भरवशाची वाटते.

जनुकीय खुणांवरून (डीएनए तपासून) निवड करायची असेल, तर तिचं गणित बसवायला याच दाट वाफ्यांची आकडेवारी वापरा. सुट्या रोपांच्या वजनांवर बसवलेलं गणित दांडगेपणाच अधिक वेगाने निवडेल.

पायरी ६: क्लोव्हरसोबतची परीक्षा

कुरण मिश्र असणार असेल, तर उत्तम ८-१० कुटुंबांची ही परीक्षा टाळू नका. डच शास्त्रज्ञ दे विट यांनी १९६० मध्ये मांडलेली पद्धत अजून उपयोगी आहे. गवत एकटं, क्लोव्हर एकटं आणि दोन्ही निम्मं-निम्मं असे तीन वाफे पेरा. मिश्रणातलं गवताचं उत्पादन भागिले एकट्या गवताचं उत्पादन, तसंच क्लोव्हरचं. या दोन भागाकारांची बेरीज करा. समजा गवत एकटं १० टन, क्लोव्हर एकटं ६ टन, आणि मिश्रणात गवत साडेसात व क्लोव्हर ३ टन निघालं. ०.७५ अधिक ०.५० म्हणजे १.२५. बेरीज १ च्या आसपास असेल, तर दोघं एकाच घासासाठी भांडताहेत, एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. १ च्या बऱ्याच वर असेल, तर दोघं निदान काही अंशी वेगळ्या साधनांवर जगताहेत. क्लोव्हर हवेतला नत्र बांधून वापरतं, त्याचा हा परिणाम.

नुसती बेरीज बघून थांबू नका, वाटे बघा. ०.९५ अधिक ०.१५ ची बेरीजही १ च्या वर जाते, पण त्या कुरणात क्लोव्हर फार वर्षं काढणार नाही. चतुर्गुणित राई गवतात फुटवे कमी आणि जाड असतात, कुरण थोडं मोकळं राहतं, त्यामुळे क्लोव्हरला त्याची सोबत सहसा मानवते. परीक्षेत नत्र अगदी बेताने द्या. भरपूर नत्र दिलं, तर प्रत्येक गवत क्लोव्हरला दाबतं आणि कुटुंबांमधला फरक दिसेनासा होतो.

पायरी ७: सिंथेटिक वाण बांधणं

शेवटी निवडलेल्या माता एकत्र फळवून वाण तयार होतो; अशा वाणाला सिंथेटिक म्हणतात. सहसा ४ ते १० माता घेतात. कमी घेतल्या तर निवड कडक होते, पण पुढच्या पिढीत जवळच्या नात्यांचे संकर वाढतात. जनुकशास्त्रज्ञ राईट यांचं जुनं सूत्र अंदाज द्यायला पुरतं: पहिल्या पिढीचं उत्पादन आणि मातांची सरासरी यांतला फरक, भागिले मातांची संख्या, इतकी घट दुसऱ्या पिढीत येते. मातांची सरासरी १० टन आणि पहिली पिढी १२ टन असेल, तर ४ मातांच्या वाणात घट अर्धा टन, ८ मातांच्या वाणात पाव टन. सूत्र मुळात अंतःप्रजनित (जवळच्या नात्यातच पिढ्यानपिढ्या फळवलेल्या) ओळींसाठीचं आहे, म्हणून गवताच्या क्लोनसाठी हा आकडा ढोबळच माना.

मातांची फुलोऱ्याची तारीख दोन-चार दिवसांच्या आत हवी आणि वाढीची ढब जुळती हवी. याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. सात मवाळ मातांमध्ये एक दांडगी घातली, तर पहिल्या वर्षी काहीच कळत नाही. मग तिची संतती कुरणात वाढत जाते आणि तिसऱ्या वर्षी आपण चाचणीत पाहिलेला वाण तिथे उरलेला नसतो. बीजोत्पादनाच्या शेतातही हेच होतं. जास्त बी देणारी माता प्रत्येक पिढीत आपला वाटा वाढवते. म्हणून मूळ बियाण्याची पिढी जपून ठेवा आणि विक्रीच्या बियाण्यापर्यंतच्या पिढ्या मोजक्याच राहू द्या.

पुढची फेरी कुठून सुरू करायची

तिसऱ्या वर्षी दाट वाफ्यांत टिकून राहिलेली रोपं हा मोठा खजिना आहे. ती तीन वर्षांच्या दाटीतून, कापणीतून, थंडीतून आणि कोरड्या काळातून गेली आहेत. पण ती सरसकट सगळ्या वाफ्यांतून गोळा करू नका. कमी उत्पादनाच्या वाफ्यातलं टिकलेलं रोप कदाचित शेजाऱ्यांना मारूनच टिकलं असेल. आधी वाफे क्रमाने लावा आणि फक्त वरच्या पाचव्या हिश्श्याच्या वाफ्यांत जा. प्रत्येकात १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकटी टाकून जिवंत फुटवे मोजा. ज्या वाफ्यांत घनता सगळीकडे सारखी आहे, तिथून एकमेकांपासून दूरचे तीस-चाळीस फुटवे उपटा, तांबेरा असलेले टाकून द्या आणि उरलेले ट्रेमध्ये एकाच आकाराचे होईपर्यंत वाढवा.